गोरज मुहूर्त, हळद आणि कॅमेरा : लग्नसराईतले तुमचे प्रश्न

तुळशीची लग्नं लागली की आपल्या सोलापुरात सनई सुरू होते आणि माझ्याकडे पत्रं यायला लागतात. डिसेंबरच्या मध्यात धनुर्मास लागला की थोडी उसंत मिळते, मग संक्रांत झाली की परत धावपळ. यावेळी प्रश्न भरपूर आलेत. काही एकसारखेच होते ते एकत्र केलेत, आणि पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा दिलीय कारण तो निम्म्या लोकांनी विचारलाय.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न १० डिसेंबरला लॉनवर आहे, मुहूर्त गोरज, संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटं. फोटोग्राफर सांगितलाय पण घरच्यांचे फोटो मी काढावेत असं सगळ्यांचं म्हणणं आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि एक ५० एमएम १.८ आहे. मागच्या वर्षी मामेभावाच्या लग्नात असाच मुहूर्त होता आणि माझे सगळे फोटो काळे आणि हललेले आले. काय चुकलं? (एक दादा, जुळे सोलापूर)

उत्तर : दादा, तुमचं काही चुकलं नाही, उजेड पळाला. सोलापुरात १० डिसेंबरच्या आसपास सूर्य ५ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर वीस-बावीस मिनिटांत आभाळातला कामाचा उजेड संपतो, म्हणजे तुमचा मुहूर्त बरोब्बर त्या पडत्या उजेडात येतोय. मुहूर्त वेळेवर लागला तर तुमच्यासारखा नशीबवान कोण नाही, कारण मागं निळं आभाळ आणि पुढं मंडपातले पिवळे दिवे, असा उजेड दिवसातून पंधरा मिनिटंच मिळतो. पण वरातीत पोरं नाचत राहिली आणि अर्धा तास गेला की मागं नुसता काळोख. म्हणून दोन्हीची तयारी ठेवा. ५० एमएम लावा, एफ २ वर ठेवा म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडतं, शटर १/२०० सेकंदापेक्षा संथ करू नका आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची ताकद, ऑटोवर टाकून वरची मर्यादा ३२०० किंवा तुमचा कॅमेरा झेपवत असेल तर ६४०० करा. फोटोत थोडे दाणे दिसले तर चालतंय, हललेला फोटो मात्र नंतर कशानेच सरळ होत नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. घरच्यांचे एकत्र फोटो, आजी-आजोबा, आत्या, चुलते, हे सगळं रात्री स्टेजवर होईल असं धरून चालू नका, ते साडेचार ते साडेपाच या वेळात उरकायचं. तेव्हा ऊन तिरपं आणि मऊ असतंय आणि माणसांच्या अंगावरचे कपडे, चेहरे अजून ताजे असतात. त्यासाठी नवरीचं आवरून चारला व्हायला पाहिजे, तर पार्लरवाल्या ताईंना मुहूर्ताची वेळ न सांगता फोटोची वेळ सांगा. हे एकच काम आधी केलं तर अर्धी लढाई जिंकली.

उभं कुठं राहायचं हे आदल्या दिवशी गुरुजींना विचारा. लाजू नका, त्यांना आवडतं विचारलेलं. नवरा-नवरी कुठल्या दिशेला तोंड करून उभे राहणार, अंतरपाट कोण धरणार, कुठल्या बाजूला ओढणार, हे कळलं की तुमची जागा ठरते. अंतरपाटाच्या टोकाशी, म्हणजे दोघंही एका बाजूने दिसतील अशी जागा धरा. आणि कान उघडे ठेवा. मंगलाष्टकं किती होतील याचा नेम नसतो, हौशी काकू-मामींच्या स्वतः रचलेल्याही येतात, पण शेवटी गुरुजी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' म्हणायला लागले की समजायचं आता अंतरपाट जाणार. तिथून बोट शटरवर. फोकस आधीच चेहऱ्यावर एका पॉइंटने पक्का करून ठेवा, कारण अक्षता उडाल्या की कॅमेरा पुढच्या तांदळाच्या दाण्यांवर फोकस करायला जातो आणि नेमका तो क्षण धूसर येतो. उडणारे दाणे थांबलेले हवे असतील तर शटर १/५०० पाहिजे, १/१२५ ला त्याच्या रेघा येतात, त्याही मला आवडतात.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे म्हणून सांगतो. खूप वर्षांपूर्वी साखर पेठेतल्या एका लग्नात मी मोक्याची जागा धरून उभा होतो, फोटो अप्रतिम आले. सगळं झाल्यावर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या नवरीच्या आजी मला म्हणाल्या, "लेकरा, नातीचं लग्न मी तुझ्या पाठीत बघितलं." रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगितलं. त्या दिवसापासून मी मंगलाष्टकांना गुडघ्यावर बसतो, आणि मागं वळून पहिल्या रांगेत कोण आहे ते बघितल्याशिवाय जागा घेत नाही. तुम्हीही बघा.

आणि तुमच्या घरात अजून ती पद्धत असेल, की मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई मंडपात थांबत नाही, तुळशीला पाणी घालत उभी राहते, तर एखाद्या भाच्याला मोबाइल देऊन आधीच तिकडे पाठवा. सगळे कॅमेरे मंडपात असतात आणि त्या माउलीजवळ कोणी नसतं. लांबून, न बोलता, दोन-तीन फोटो बास. तुमच्या आईचा तो फोटो दुसरा कोणी काढणार नाही.

प्रश्न : हळदीचे फोटो मोबाइलवर एकदम भडक येतात, चेहरा म्हणजे पिवळा गोळा. हळद कमी लावायची का? (एक ताई, विजापूर रोड)

उत्तर : हळद कमी कशाला ताई, मनसोक्त लावा! भडक होतंय त्याचं कारण असं की चमकदार पिवळ्या रंगात सेन्सरचा लाल भाग आधी भरून वाहतो, बाकीचा फोटो बरोबर दिसत असला तरी त्या रंगातले बारकावे गेलेले असतात. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे लॉक होईल आणि मग तो सूर्याचा आयकॉन थोडा खाली ओढा, फोटो जरा गडद वाटेल पण हळदीचा पोत, बोटांचे ठसे, सगळं दिसेल. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं यासाठीची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, एवढं पिवळं बघून तो निळं मिसळत बसतो आणि अंगाचा रंग राखेसारखा दिसतो. 'ऊन' किंवा 'सावली' जे असेल ते हाताने लावा.

पण खरा चोर वरती असतो. हळदीला पिवळा किंवा केशरी कपडा मांडवावर ताणतात आणि त्यातून गाळून आलेला उजेड सगळ्यांना पिवळं करून टाकतो, ज्यांना हळद लागलेली नाही त्यांनासुद्धा. डेकोरेशनवाल्याला सांगून वरचा कपडा पांढरा लावून घ्या, झालर हवी तेवढी पिवळी लावा. नाहीतर पाट अंगणात पांढऱ्या भिंतीजवळ सावलीत मांडा, सकाळी ९ च्या आसपास. कॅमेऱ्याला हळद लागली तर लगेच पुसू नका, सुकू द्या, फुंकणीने उडवा, मग कोरडं कापड. पट्ट्यावरचा डाग साबणाने धुतला की लालभडक होतो, घाबरू नका, स्वच्छ धुऊन उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

प्रश्न : थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते, लेन्सवर बाष्प धरतं असं परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात. काय काळजी घ्यावी? (एक विद्यार्थी, शेळगी)

उत्तर : ते बर्फातल्या लग्नांचं आहे. आपल्याकडे पहाटे पारा १४-१५ वर आला तरी बॅटरीला काही होत नाही. आपला त्रास धुळीचा. हवा कोरडी, लॉनच्या कडेला काळी माती, त्यात वरात. लेन्स उघड्यावर बदलू नका, एवढं पाळा.

प्रश्न : स्टेजवरच्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि चेहरे जांभळे दिसतात. कॅमेरा बिघडलाय का? (अशोक चौकातले एक नवोदित फोटोग्राफर)

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे, तुम्ही बहुतेक सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चालू ठेवलंय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीने वाचतं म्हणून पट्टे पडतात. मेकॅनिकल शटर लावा, वेग १/१०० किंवा १/५० ठेवा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. एलईडी वॉलसमोर मात्र हे गणित बदलतं, तिथं वेग थोडा मागे-पुढे करून आधी चाचणी घ्या.

जांभळेपणावर कॅमेऱ्यात उपाय नाही, लाइटवाल्याकडे आहे. पूर्ण जांभळ्या उजेडात काढलेल्या चेहऱ्याचा खरा रंग नंतर संगणकावर परत आणता येत नाही. म्हणून तासभर आधी जाऊन लाइटवाल्या दादांना भेटा, चहा घ्या सोबत, आणि विनंती करा की विधी चालू असतील तोवर समोरचे दोन दिवे साधे पांढरे ठेवा, रंग मागच्या पडद्यावर जेवढे खेळवायचे तेवढे खेळवा. आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. पैठणी किंवा इरकलीच्या जरीवर फ्लॅश सरळ मारू नका, पांढरा ठिपका पडतो आणि नऊवारीचा सगळा थाट जातो, कार्यालयात छत पांढरं असेल तर वर मारा, लॉनवर फ्लॅशला छत्री लावून बाजूने. आणि डीजेचा लेझर फिरत असेल तर कॅमेरा तिकडे धरूच नका, लेझरचा किरण थेट सेन्सरवर पडला तर सेन्सर कायमचा जळतो, हे मी गंभीरपणे सांगतोय.

प्रश्न : माझ्या जिवलग मित्राचं लग्न आहे, तो पद्मशाली, लग्न तेलुगू पद्धतीने होणार. फोटो मी काढणार पण मला त्यांचे विधी कळत नाहीत, भाषाही नाही. (भवानी पेठेतले एक वाचक)

उत्तर : हा प्रश्न सोलापुरातच येऊ शकतो आणि मला फार आवडला. आपल्या गावाचा हातमाग, यंत्रमाग, चादरी-टॉवेलचा धंदा ज्या तेलुगू विणकरांनी उभा केला त्यांच्या लग्नात आपण वर्षानुवर्षं जेवतो, पण विधी बघत नाही.

मराठी सवयीने तुम्ही मंगळसूत्राची आणि अक्षतांची वाट बघत बसाल आणि मुहूर्त हातचा जाईल. त्यांच्यात मुहूर्ताचा क्षण म्हणजे जिरं-गूळ, जीलकर्र-बेल्लम म्हणतात. दोघांच्या मध्ये पडदा धरलेला असतो, आपल्या अंतरपाटासारखाच, आणि बरोबर मुहूर्ताला दोघं जिरं-गुळाचा गोळा एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात. हात पडद्यावरून किंवा बाजूने जातात, त्यामुळे जरा उंचावरून, स्टुलावर उभं राहून काढलेला फोटो चांगला येतो, आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत दोघांच्या डोळ्यांत जे असतं ते टिपायला दुसरा माणूस खाली पाहिजे. त्यानंतर मंगळसूत्र. मग तलंब्रालु, हा सगळ्यात आनंदाचा भाग. हळदीचे तांदूळ दोघं एकमेकांच्या डोक्यावर ओतायला लागतात, आधी हळू, मग चढाओढ, घरचे दोन्हीकडून ओरडतात. इथं वाइड लेन्स लावा आणि जवळ जा, शटर १/५०० च्या वर, आणि नुसत्या नवरा-नवरीत अडकू नका, मागं हसणाऱ्या बहिणी फ्रेममध्ये घ्या. मग जोडवी, अरुंधती ताऱ्याचं दर्शन.

घराघरात क्रम थोडा बदलतो, म्हणून दोन दिवस आधी मित्राच्या आईकडे जाऊन बसा, त्यांना मराठी उत्तम येत असणारच, आणि एका कागदावर क्रम लिहून घ्या. त्यांना हेही विचारा की तुम्हाला कुठला फोटो पाहिजेच पाहिजे. मी प्रत्येक लग्नाआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला हे विचारतो, आणि जे उत्तर येतं ते मला कधीच आधी सुचलेलं नसतं.

प्रश्न : हुरड्याच्या शेतात प्री-वेडिंग करायचंय, ड्रोनही लावायचाय. कधी आणि कसं? (एक होणारं जोडपं, होटगी रोड)

उत्तर : किती छान कल्पना! समुद्रकिनाऱ्यावर जाऊन काढण्यापेक्षा आपल्या मालदांडी ज्वारीच्या रानात काढा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, दुसरीकडे असली पार्श्वभूमी मिळायची नाही. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत कणीस हुरड्यावर येतं. सकाळी ७ ते साडेआठ ही वेळ, मागून ऊन घ्या म्हणजे पानांच्या कडा चमकतात. ताटं माणसापेक्षा उंच असतात म्हणून आत घुसलात तर दोघंही दिसणार नाही आणि पानं अंगाला कापतात, शिवाय दवाने साडीचा काठ भिजून काळ्या मातीत बरबटतो. बांधावर उभे राहा. शेत कुणाचं आहे त्यांना विचारून जा, एक ताटही मोडू नका, त्या माणसाचं अख्खं वर्ष तिथं उभं आहे. आणि नुसत्या पोज देऊन परत येऊ नका, हुरडा भाजायच्या आगटीभोवती बसा, गरम हुरडा हातावर चोळून घ्या, शेंगाचटणीसोबत खा, तोंडाला काळं लागू दे. तेच फोटो सगळ्यात गोड येतात, आगटीचा धूर मागून उन्हात धरला तर बघायलाच नको.

ड्रोनचं नीट ऐका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि आपला विमानतळ तर होटगी रोडलाच आहे, म्हणजे शहराचा मोठा भाग त्यात आला. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा बघा, तुमचं शेत हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात असेल तरच पुढचं बोला, आणि ड्रोनवाल्याकडे नोंदणी क्रमांक आहे का तेही बघून घ्या.

प्रश्न : संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा मला काढायचाय, पण मागच्या वेळी सगळे पांढरे कपडे करडे आले. (एक कॉलेजवाली, बाळीवेस)

उत्तर : थंडीतलं आपलं सगळ्यात मोठं लग्न तर हेच! बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी, म्हणजे हातातल्या काठीशी, कुंभारकन्येचा विवाह, सात नंदीध्वज म्हणजे खांद्यावर पेलायच्या उंच काठ्या, संमती कट्ट्यावर लग्नाची संमती वाचली जाते आणि हजारो हात एकाच वेळी अक्षता टाकतात. बाराबंदी घातलेल्या पांढऱ्या गर्दीला कॅमेरा फसतो, त्याला वाटतं उजेड जास्त झाला आणि तो सगळं करडं करतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा, बास. ऊन दुपारचं, डोक्यावर असतं, सावल्या कडक पडतात, म्हणून चेहऱ्यांच्या मागे लागण्यापेक्षा हात काढा. हवेतल्या अक्षतांसाठी खालून वर, मागं निळं आभाळ. जागा सकाळीच धरा, पूजाविधी जिथं चालतात तिथं पुढं घुसू नका, नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या वाटेत तर अजिबात नाही, ते वजन घेऊन चालणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. आणि एकदा तरी कॅमेरा खाली ठेवून स्वतः अक्षता टाका.

प्रश्न : नातवाच्या लग्नाला वर्ष झालं. फोटो पेनड्राइव्हमध्ये आहेत म्हणतात, टीव्हीवर लावतात आणि भराभर पुढं ढकलतात. मला हातात धरून बघायचेत. कुणाला सांगू? (एक आजी, मंगळवार पेठ, पत्र नातीने लिहिलंय)

उत्तर : आजी, नमस्कार करतो. हे पत्र वाचून नातवाला दाखवा, त्याच्यासाठीच पुढचं लिहितोय.

बाळा, पेनड्राइव्ह हा फोटो जपून ठेवायचा डबा नव्हे, तो कधीही बंद पडतो. आज संध्याकाळी सगळे फोटो दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर टाक, एक तुझ्याकडे, एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मामाकडे, म्हणजे एका घरात काही झालं तरी दुसरीकडे राहतात. त्यानंतर आजीच्या शेजारी बस. लॅपटॉप मोठा कर आणि फोटो तिला निवडू दे. तू निवडशील तर तुमच्या दोघांचे शंभर निवडशील, ती निवडेल तर पंगतीत वाढणारी जाऊ, मांडवात झोपलेलं पोर, आहेराची चादर घडी घालणारी आत्या असले निघतील. वेळ लागेल, दोन-तीन संध्याकाळी लागतील, लागू दे.

साठ-सत्तर फोटो खूप झाले. ते ४ बाय ६ मध्ये नाही, ६ बाय ८ मध्ये काढ, आजींना चष्म्यातून नीट दिसायला पाहिजेत, आणि चकचकीत कागद नको, मॅट घे, दिव्याखाली चमक मारत नाही. जाड पानांचा मोठा अल्बम मांडीवर पेलत नाही, तो करू नको, दोन छोटे कर. फोटोखाली पानावर नावं लिहायला जागा ठेव. नावं आजी सांगतील, तू लिही, कोण कुणाची सून, कोण कुठल्या गावचं, लग्नाला कसं आलं होतं, सगळं लिही. आजी, तुम्ही सावकाश सांगा. आणि त्यातला तुमचा स्वतःचा एक फोटो मोठा करून घ्या त्याच्याकडून.